रूपाचा पॅक, गुणाचा पॅक

माझ्या घरमालकिणीने मला पहिली शिवी दिली ती मी तिचं गाव पाण्यात बुडवलं म्हणून. राहायला येऊन माझा तिसरा दिवस होता. ती पाणी भरायला गेली होती, टॅब्लेट पाटावर उघडा पडला होता आणि त्यावर ठोकळ्याठोकळ्यांचं एक गाव दिसत होतं. मी नुसतं बोट लावलं. तिथे नेमकी बादली होती, ती उपडी झाली आणि पाणी एका घरातून दुसऱ्या घरात शिरत थेट देवळाच्या पायरीपर्यंत गेलं. काकी आली, हातातली खरी बादली खाली ठेवली आणि मला जे काही म्हणाली ते मी सोलापुरात वाढूनसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. अर्थ कळला नाही, पण ते माझ्या आईवडिलांपर्यंत पोचलंय एवढं लक्षात आलं. मग तिने स्वतःच गावातलं पाणी उपसलं आणि मला चहा दिला.

सगळी चाळ तिला काकी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. वय सदुसष्ट, मूळ गाव मालवणकडचं, जन्म आणि पुढचं सगळं लालबागला. तिच्या आईची गिरणी कामगारांसाठी खाणावळ होती. गिरण्या गेल्यावर काकीने परळच्या हॉस्पिटलांत डबे पोचवले, ते गुडघे बोलायला लागेपर्यंत. त्यापैकी एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. महिनाभर मी तिचा उजवा पाय वरखाली केला. महिन्याच्या शेवटी तिने मला विचारलं, "ऱ्हवतंस खय?" मी रोज दीड तास प्रवास करते म्हटल्यावर म्हणाली, "माझ्या पोटमाळ्यार ये. पण माका व्यायाम करूक सांगलंस तर घालवन देईन." व्यायाम मी तरीही सांगायचे. ती एकाच अटीवर करायची: गेम उघडताना गाव येईपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ पाय उचलणार, गाव आलं की बंद. टॅब्लेट जुना आणि मंद होता, म्हणून तिचा गुडघा सुधारला.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात जिंकणं-हरणं असं काही नसतं. ठोकळे खणायचे, ठोकळे रचायचे, वाटेल ते बांधायचं. मूळ गेममध्ये जे नाही, म्हणजे वेगळे प्राणी, वेगळं सामान, वेगळ्या भिंती, ते बाहेरून पॅक आणून त्यात घालता येतं. गेम खेळणारे कोट्यवधी असतील. पण पॅक घालणं ही गोष्ट काकीइतकी मनावर घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या ऑपरेशन थिएटरात सुद्धा एवढी शिस्त नव्हती.

प्रत्येक पॅक जोडीने येतो. एका भागात ती वस्तू दिसते कशी ते असतं, दुसऱ्यात ती वागते कशी ते. काकी पहिल्याला रूपाचा पॅक म्हणायची, दुसऱ्याला गुणाचा. दोन्ही घातले नाहीत तर घोळ होतो. एकदा तिने मांजराचा गुणाचा पॅक घातला आणि रूपाचा विसरली. गावात मांजर आलं, म्याव करायला लागलं, दूध मागायला लागलं, पण दिसेना. जमिनीवर नुसती सावली फिरत होती. मी हसून लोळले. काकी गंभीरपणे म्हणाली, "गुणी बायकांचा असाच असता गो. सगळा करतत, पण कोणाक दिसत नाय." उलट चूक झाली की तिला मुलगा आठवायचा. "माझ्या झिलाचा बघ. रूपाचो पॅक एकदम टॉप. गुणाचो डाउनलोडच झालो नाय."

नवीन पॅक गावात थेट कधीच जायचा नाही. त्यासाठी तिने एक वेगळं ओसाड गाव करून ठेवलं होतं, त्याचं नाव 'चव'. पंगतीत वाढण्याआधी आमटी चाखतात, तसा प्रत्येक पॅक आधी चवीच्या गावात. तिथे त्याने कोणाला खाल्लं नाही, कशाला आग लावली नाही, तर मग मुख्य गावाची एक नक्कल काढून ठेवायची आणि पॅक आत घ्यायचा. एका दिवशी एकच. पॅक जिथून उतरवायचा तिथे खाली लोकांनी लिहिलेलं सगळं वाचायचं. "जो रडता तेचा आधी वाचूचा. जे ग्रेट ग्रेट म्हणतत ते मेले काय इन्स्टॉल करत नाय." पॅकच्या यादीत जो सगळ्यात वर असतो त्याचं खालच्यावर चालतं, हा नियम तिला कोणी शिकवावा लागला नाही. खाणावळीत आणि चाळीच्या कमिटीत तिने तोच पाहिला होता.

पुढे पुढे ती स्वतःच पॅक बनवायला लागली. फोनवर त्यासाठी ॲप मिळतं. प्रत्येक वस्तूचं चित्र सोळा बाय सोळा चौकोनांचं असतं, हे कळल्यावर तिने टाळी वाजवली आणि म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी!" चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलीने, मग ॲपमध्ये बोटाने. अशा रीतीने गेममधल्या विलायती माशाचा बांगडा झाला. गेममध्ये एक हिरवं भूत आहे, ते आवाज न करता मागून येतं आणि जवळ येऊन फुटतं. त्याला काकीने चाळीच्या सेक्रेटरीचा राखाडी सफारी चढवला, खिशाला पेनसुद्धा. सेक्रेटरी एकदा काही सही घ्यायला आला असताना वाकून बघत म्हणाला, "काकी, हा कोण? ओळखीचा वाटतोय."

"गावचो," काकी म्हणाली आणि सही करून दिली.

हे सगळं कोणासाठी, हे मला राहायला आल्यावर दोन आठवड्यांनीच कळलं होतं. शनिवारी दुपारी साडेतीनला काकी पातळ बदलायची, केस विंचरायची, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून स्पीकरवर टाकायची आणि टॅब्लेट घेऊन बसायची. चारच्या ठोक्याला गावात एक दुसरी मुलगी उगवायची, निळ्या केसांची. ती तिची नात. वय नऊ, राहायला बंगळुरूला, आईपाशी. मुलाचा आणि सुनेचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा आखातात कुठेतरी होता; तो टॅब्लेट त्याने स्वतःच्या ऐवजी पाठवला होता. नातीला भेटायची परवानगी कागदावर बापाला होती, आजीचं त्यात कुठे नाव नव्हतं. सुनेने मोठ्या मनाने म्हणा की वैतागून म्हणा, आठवड्याला एक तास गेममध्ये दिला होता. चार ते पाच. पाच वाजता फोनमधून तिचा आवाज यायचा, "ओके, टाइम अप." काकीला ती कुठल्याच नावाने हाक मारायची नाही.

काकी मात्र तिला 'आमची सून' म्हणायची. मी एकदा शहाणपणा करून 'माजी सून' म्हटलं, तर म्हणाली, "घटस्फोट तेना घेतल्यान. मी खय घेतलंय?"

आजी-नातीची भाषा ऐकण्यासारखी असायची. नात कन्नड, इंग्रजी आणि हिंदी मिसळून बोलायची आणि तिला 'अज्जी' म्हणायची. काकीचं हिंदी लालबाग मार्केटचं. "अरे बाबा, उदर मत जा, वो सेक्रेटरी फुटेगा!" नात खिदळायची. तिला जे हवं ते काकी आठवडाभर बसून करायची. बंगळुरूच्या घरी मांजर पाळायला बंदी होती, म्हणून गावात एक मांजर झालं, पिवळं, एक कान काळा. नातीच्या खोलीला गुलाबी विटा झाल्या. मासळीवाली झाली, दोघींच्या घराबाहेर बसणारी. हे सगळं एकाच पॅकमध्ये होतं. त्या पॅकचं नाव काकीने नातीच्या नावावर ठेवलं होतं आणि तो यादीत कायम सगळ्यात वर असायचा.

त्या वर्षी गणेश चतुर्थी शनिवारी आली. आधीच्या शनिवारी नातीने विचारलं, मैत्रिणीच्या घरी गणपती येतो, आपल्याकडे का नाही? आता काकीच्या घराण्याचा गणपती गावच्या घरी बसतो. तो एकच. मुंबईच्या खोलीत वेगळा बसवायचा नाही, हा नियम. काकीने त्याच संध्याकाळी गावच्या चुलत दिराला फोन लावला आणि रीतसर विचारलं, "भावोजीनु, गेमात बसयलंय तर चलात?" दिराने बराच विचार केला आणि म्हणाला, "गेम काय आपल्या सातबाऱ्यार आसा? बसव." नियमाचा प्रश्न सुटला आणि काकीचा आठवडा कामाला लागला. सोळा बाय सोळात सोंड बसवणं सोपं नाही. बारा कागद फाटले. शेवटी जो झाला तो समोरून गणपती आणि बाजूने थोडा सेक्रेटरी वाटत होता, पण डोळे छान होते. तो तिने नातीच्याच पॅकमध्ये घातला.

इथे काकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. गणपती चवीच्या गावात नेला नाही. मी आठवण करून दिली, तर अंगावर आली. "देवाचा कोण चाखता? नैवेद्य उष्टो करतंस तू सोलापुराक?" मुख्य गावाची नक्कलही काढली नाही. देव बसायच्या आधीच बिघडायची तयारी करणं तिला अभद्र वाटलं असावं.

शनिवारी चार वाजता गणपती बसला. नातीने तिकडून फोनवर टाळ्या वाजवल्या, काकीने इकडून आरती म्हटली, मी खाली मंडळाचा स्पीकर वाजत असल्यामुळे बेसूर म्हटली. नातीने देवापुढे एकवीस बांगडे ठेवले. काकीने ते पटकन उचलून मोदकासारखं दिसणारं काहीतरी ठेवलं आणि "गणपती नॉनवेज नहीं खाता, बेटा" असं समजावलं. त्या तासात ती जितकी हसली तितकी मी तिला आधी किंवा नंतर पाहिलं नाही.

गणपती पाच दिवसांचा. पाचवा दिवस बुधवार. नातीचा दिवस शनिवार. काकीच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. देवाला त्याच्या दिवसापलीकडे ठेवता येत नाही, सुनेचं वेळापत्रक काहीही असो. बुधवारी संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर ती टॅब्लेट मांडीवर घेऊन घामाघूम बसली होती. झालं असं होतं की या गेममध्ये बसवलेली वस्तू उचलायची तर तिच्यावर कुदळ मारावी लागते. चार-सहा घाव घातले की ती फुटते आणि हातात येते. दुसरा मार्ग नाही.

"देवाक कुदळ मारू मी?" काकी म्हणाली.

मी म्हटलं, मी मारते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोटमाळ्यावर निघून गेले. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "पुढच्या वर्षी लवकर या," आणि मग टॅब्लेट बंद झाल्याचा. तिने पॅकच काढून घेतला होता. एक बटण, कुठे घाव नाही, देव अलगद निसटला. मला ते फार सुंदर वाटलं. आम्ही दोघीही मूर्ख होतो.

कारण पॅक काढला की त्यातलं सगळंच जातं. शनिवारी चारला नात आली तेव्हा तिच्या खोलीच्या गुलाबी विटांच्या जागी प्रश्नचिन्हांचे करडे ठोकळे उभे होते. मासळीवाली नव्हती. गणपती नव्हता. नात गावभर पळत होती, फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "अज्जी, कॅट किधर है?" काकीने घाईघाईने पॅक परत चालू केला. विटा परत आल्या. पण हलणारं-चालणारं जे असतं ते एकदा गेलं की परत येत नाही. मांजर आलं नाही, आणि गावाची नक्कल तर या वेळी काढलीच नव्हती. नातीने अजून एकदा विचारलं, मग निळ्या केसांची मुलगी दिसेनाशी झाली. सव्वाचार वाजले होते.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. स्पीकर चालूच राहिला होता म्हणून मीही ऐकलं. ती चिडली नव्हती, थकली होती; नेहमीसारखं हिंदी-इंग्रजीत जे म्हणाली ते असं: "ती म्हणते, अज्जीने पण पप्पांसारखंच केलं. न सांगता. मला वाटतं काही दिवस बंद ठेवू या." काकी "हां" म्हणाली. एवढंच. मी तिच्या तोंडून इतकं छोटं उत्तर ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. ती साडेतीनला पातळ बदलून बसली आणि पाचला उठली. मधल्या आठवड्यात तिने मला एकही शिवी दिली नाही. मी मुद्दाम चहात साखर जास्त घातली, तरीही नाही. मला खरंच भीती वाटली. मी म्हटलं, काकी, तसंच दुसरं मांजर बनव, पिवळं, काळ्या कानाचं. तिला कळणार पण नाही.

"तिका कळांचा नाय. माका कळतला मां?" ती म्हणाली. मग नातीच्या बोलण्यावर आली, "खरा बोलता चेडू. आमच्या घरातसून जाणारो कोण सांगान जाईत नाय. झील 'खाली जावन येतंय' म्हणान गेलो. सून गेली तेव्हा मी बाजारात होतंय, तिच्यासाठीच सुरमई आणूक. येवन बघतंय तर कपाट रिकामा. आनि मी? मी पण तसाच केलंय. चेडवाक न सांगता देवाक घालवलंय."

मग तिने फोन घेतला आणि सुनेला लावला. सून उचलेल असं मला वाटलं नव्हतं. काकीने सबब सांगितली नाही, कुदळीची गोष्टही सांगितली नाही. "चुकला माझा. तिका दे," इतकंच. नात आली, बोलेना. काकी तिच्या हिंदीत बोलत राहिली. देव पाहुणा असतो, तो जातो, पण आपण त्याला वाजतगाजत सोडायला जातो, तो जाताना सगळ्यांनी बघायचं असतं, आणि अज्जीने ते एकटीने केलं, ते गलत किया. मग नात म्हणाली, "तो फिर से लाओ. मेरे सामने भेजो."

"लाती," काकी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. पितृपक्ष चालू होता. ज्या बाईने बुधवारचा गुरुवार होऊ दिला नव्हता तिने कॅलेंडरकडे पाहिलं, खिळ्यावरून काढलं आणि उलटं करून टांगलं.

अडचण कुदळीचीच होती आणि ती नातीनेच सोडवली. दुसऱ्या दिवशी सुनेच्या फोनवरून निरोप आला: गणपतीला ठोकळा करू नको, प्राणी कर. प्राणी होडीत बसतो. काकीने कपाळावर हात मारला. आठवडाभर ती प्राणी बनवायला शिकत होती. या वेळी देव आधी चवीच्या गावात गेला, नैवेद्य की उष्टं हा वाद तिने काढला नाही. बरं झालं गेला, कारण गुणाचा पॅक तिने मेंढीवरून बेतला होता. देव मैदानात उभा राहिला, आजूबाजूला पाहिलं आणि मान खाली घालून गवत खायला लागला. मी तोंडात पदर कोंबला असता, पण पंजाबी ड्रेसला पदर नसतो.

"दूर्वा खाता," काकी म्हणाली. "खावंदे."

शनिवारी चारला निळ्या केसांची मुलगी आली. आधी लांब उभी राहिली. मग हळूहळू जवळ येऊन देवाभोवती एक फेरी मारली. मांजराबद्दल काकीने स्वतःच सांगितलं: ते परत येणार नाही, अज्जीच्या चुकीने गेलं, आणि त्याच्यासारखं खोटं दुसरं अज्जी करणार नाही. नात थोडी रडली. काकीही रडली, पण आरतीच्या आवाजात, म्हणजे कोणाला कळू नये असं. आरती सुरू झाली तसा सेक्रेटरी दारात येऊन उभा राहिला. "काकी, पितृपक्षात आरती?"

"पितरांका काय कान नाय?" काकी म्हणाली. "टाळी वाजव, नायतर खाली जा." त्याने टाळी वाजवली. माझ्या माहितीप्रमाणे चाळीच्या इतिहासात त्याने कोणाचं ऐकलेलं हे एकच.

दोन होड्या निघाल्या. एकीत देव आणि नात, दुसरीत काकी. किनारा दिसेनासा झाल्यावर नातीने होडीत एक पेटी ठेवायला सांगितली आणि तिच्यात बांगडा टाकला. वाटेत कॅट भेटलं तर, म्हणाली. देव नॉनवेज खात नाही याची तिनेच काकीला आठवण करून दिली आणि पेटीला झाकण आहे असंही सांगितलं. मग ती काकीच्या होडीत आली आणि देवाची होडी पाण्यावर एकटी राहिली.

"अज्जी, अब वो किधर जाएगा?"

"उसके मम्मी के पास."

"बोल के जाता है?"

"बोल के जाता है," काकी म्हणाली. "इसलिए वापस आता है."

परतीला वेळ लागला, कारण काकीला होडी सरळ चालवता येत नसे. किनाऱ्याला लागेपर्यंत पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. 'टाइम अप' आलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडे कोणीतरी इतका वेळ जवळच बसून ऐकतंय. नात बाय म्हणाली, दिसेनाशी झाली. फोन चालूच होता. खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला. आणि मग सुनेचा आवाज, मराठीत, शब्द शोधत शोधत.

"आई," ती म्हणाली, "येते मी."

काकीने फोन बरणीपाशी तसाच राहू दिला. पलीकडून कट झाल्याचा आवाज आला, पडदा काळा झाला, तरी ती त्याच्याकडे बघत होती. मग दोन्ही हातांनी डोळे पुसून, अगदी हळू म्हणाली, "ये गो बाय, ये."